चवथीला गावी जायचंय, बाळाच्या बॅगेत प्लास्टिक कमी करून काय काय घेऊ?

अबोली_मडगाव
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आमची लेक आता पाच महिन्यांची आहे आणि ही तिची पहिली चवथ. सासरचं मूळ घर गोव्यातच, वाळपईच्या पलीकडे सत्तरी तालुक्यात, गणपती पाच दिवसांचा, म्हणजे माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट) बांधायला आदल्या दिवशी जायचं ते विसर्जन झाल्यावरच परत मडगावला. घरात तीन भावांची कुटुंबं गोळा होतात, न्हाणी आणि संडास मागच्या अंगाला, पाणी विहिरीचं (पंप आहे), वॉशिंग मशीन नाही. मडगावला मी दिवसा कापडी आणि रात्री डिस्पोजेबल असं करते. पण गावात कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदा, सणात तीही येईलच असं नाही, आणि मागे नणंदेच्या मुलाचे डायपर परसात जाळले होते तेव्हा जो वास आणि धूर झाला त्यावरून सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलंय की चवथीच्या दिवसात तसलं काही नको. मलाही नकोच आहे.
तर बॅग कशी भरू? इंटरनेटवरच्या याद्या बघून डोकं गरगरलं, बांबूचा ब्रश काय, ऑरगॅनिक चेंजिंग मॅट काय, सगळं मिळून अर्धा पगार जाईल. बाळ फक्त अंगावर पितं, वरचं काही सुरू नाही. अनुभवी लोकांनी सांगा.

बिंबल
अबोली, आधी त्या याद्या बंद कर. पिशवीत काय भरायचं हे नंतर बघू, गावी ओलं कुठे वाळणार ते आधी ठरव आणि त्याप्रमाणे नग मोज. भाद्रपद, सत्तरी आणि मशीन नाही म्हटल्यावर शिवलेले जाड पॅड दीड-दोन दिवस वाळत नाहीत, वरून हाताला सुके लागतात आणि आत दमट असतात, वास तिथूनच सुरू होतो आणि बाळाच्या मांड्या लाल होतात त्याही तिथूनच.
म्हणून गावी पॉकेट डायपर (आत जाड पॅड सरकवायचे ते) नको, कव्हर आणि घडीची लंगोटं ने. कव्हर म्हणजे पीयूएलचं ते बाहेरचं, पॉलिएस्टरच्या कापडावर पातळ वॉटरप्रूफ थर असतो तो. त्याला शी लागली नसेल तर आतून पुसायचं, जरा वाऱ्यावर ठेवायचं आणि पुढच्या वेळेला परत तेच, दोन-तीन आलटूनपालटून वापरलीस तर दिवसाला चार कव्हरं पुरतात. आत मलमलीचं मोठं चौकोनी कापड घडी करून. हे उलगडलं की एकपदरी होतं, पंख्याखाली रात्रीत वाळतं. दर दोन-अडीच तासाला एक या हिशोबाने दिवसाची मोज, त्याच्या दुप्पट ने, कारण एक दिवस अंगावर, एक दिवस दोरीवर. रात्रीला मात्र दोन कापडं एकात एक, नाहीतर अंथरूण भिजणार.
नवीन कापड घेऊन तसंच बॅगेत टाकू नकोस हं, सुती आणि बांबूचं कापड चार-पाच धुण्यांनंतरच नीट शोषायला लागतं. आतापासून धुवायला घे.

केपेकर
बिंबलला +१. आणि धुताना फॅब्रिक कंडिशनर नको, कापडावर थर बसतो मग पाणी शोषतच नाही, शू सरळ बाहेर.

पेडण्याचा_बाबा
आमच्या घरी बॅग मी भरतो म्हणून बोलायचा अधिकार आहे असं समजतो :)
वेगळी डायपर बॅग विकत घेऊ नका. घरात जुनी लॅपटॉप बॅग, कॉलेजची सॅक काहीतरी असतंच, पाठीवर लावता येईल अशी घ्या, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. फोंडा-उसगाव करत जाणार ना, मग वाटेत कुठेतरी हॉटेलच्या मागे नाहीतर देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत) बदलायची वेळ येणारच, तेव्हा डिकी उघडून अख्खी बॅग उपसत बसायचं नसेल तर एक हातपिशवी वेगळी करा. त्यात एक कव्हर, दोन लंगोटं, चार-पाच पुसायची कापडं, पाण्याची छोटी बाटली, मेणकापड आणि त्यावर घालायला दुपटं, बस. बदलायच्या वेळी फक्त ही पिशवी उचलायची, मोठी बॅग गाडीतच. प्रत्येक वेळी वापरलं की मोठ्या बॅगेतून लगेच भरून ठेवायची, हे 'लगेच' महत्त्वाचं, नाहीतर पुढच्या वेळी पिशवीत नुसती बाटली सापडते.
ओल्यासाठी चेनवाली वेट बॅग घ्या, दोन कप्प्यांची मिळते, पुढच्यात सुकं आणि मागच्यात ओलं. पीयूएलचीच असते, धुऊन वर्षानुवर्षं चालते. विकत घेण्यासारखी हीच एक वस्तू असं माझं मत, बाकी सगळं घरात निघतं. पण गावी पोचल्याबरोबर उघडायची, चेन लावून दिवसभर विसरलात तर उघडताना घर रिकामं होईल.
आणि आईसाठी एक जादा कुर्ता ठेवा. बाळाचे सहा झबले घेतात सगळे, आणि उलटी होते ती आईच्या खांद्यावर.

म्हापशेकरीण
माफ करा पण मला हे पटत नाही. चवथ म्हणजे बायकांना आधीच श्वास घ्यायला वेळ नसतो, पातोळ्या करा, नेवऱ्या तळा, आल्यागेल्याला चहा द्या, आणि त्यात पाच महिन्यांचं बाळ अंगावर पितंय. वर लंगोट धुवा? पर्यावरण वाचवायचा भार दरवेळी आईच्याच डोक्यावर कसा येतो? सरळ डिस्पोजेबल न्या, पाच दिवसांनी जग बुडत नाही. आणि कापड धुवायला पाणी, साबण, वीज लागत नाही का, त्याचा हिशोब कोण करणार?

पेडण्याचा_बाबा
म्हापशेकरीण, भार आईवर येतो हे शंभर टक्के खरं, पण लंगोट आईनेच धुवायचे असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? अबोलीचा नवरा जातोय ना गावी? माटोळीला फळं बांधून झाली की त्याला काम काय, आरतीला घुमट (मातीचं, चामडं ताणलेलं वाद्य) वाजवणे. सकाळी एकदा बादली त्याची, ठरवून टाका.

अबोली_मडगाव
नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो घुमट वाजवणं हे पण कामच आहे :D पण बादली घेतलीय अंगावर, इथे लिहून ठेवते म्हणजे पुरावा राहील.

आकडेमोड
म्हापशेकरीण यांचा धुण्याच्या हिशोबाचा प्रश्न रास्त आहे. इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीने 2008 मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. अडीच वर्षांचं बाळ होईपर्यंत डिस्पोजेबलचा कार्बनचा भार साधारण 550 किलो आणि कापडीचा साधारण 570 किलो, म्हणजे जवळजवळ सारखाच निघाला तेव्हा. पण पुढचं वाक्य लोक वाचत नाहीत. कापडीचा आकडा अख्खा धुण्यावर अवलंबून होता. ड्रायरमध्ये वाळवलं आणि कडक गरम पाण्यात धुतलं तर तो वाढतो, दोरीवर वाळवलं, मशीन पूर्ण भरून लावलं आणि तेच कापड दुसऱ्या बाळाला वापरलं तर 200 किलोने वगैरे कमी होतो. 2023 मध्ये तिथल्याच सरकारी खात्याने नवीन अहवाल काढला त्यात कापडीचा कार्बनचा भार डिस्पोजेबलपेक्षा 25 टक्के कमी आला.
आता हे तिकडचं, तिथे बऱ्याच घरांत ड्रायर. आपल्याकडे दोरी, ऊन आणि थोरल्या भावाचं धाकट्याला हे आधीपासूनच आहे, त्यामुळे आपलं पारडं कापडाकडे जास्तच झुकणार असं मला वाटतं. अर्थात यात कचरा परसात जाळण्याचा हिशोब धरलेला नाही.

सुका_ओला
तो हिशोब मी सांगतो. मी एका पंचायतीच्या कचरा शेडवर सुपरवायझर आहे, कुठल्या ते राहू दे. डायपर ही आमच्याकडची सगळ्यात नकोशी वस्तू. आत लाकडाचा लगदा असतो आणि त्यात पांढऱ्या दाण्यांसारखं सोडियम पॉलिअॅक्रिलेट, ते मूत पिऊन जेली होतं. बाहेरचे थर प्लास्टिकचे. लोक काय करतात, डायपर कॅरीबॅगमध्ये घालतात, गाठ मारतात आणि सुक्या कचऱ्याच्या पिशवीत बाटल्या-पुठ्ठ्याबरोबर कोंबतात. आमच्या बायका टेबलावर पिशवी ओततात तेव्हा ते फुटतं, जेली सगळ्या पुठ्ठ्याला लागते, मग तो पुठ्ठा भंगारवाला घेत नाही. हातमोजे दिलेत, पण उकाड्यात हातमोजे घालून सहा तास उभं राहून बघा.
2016 च्या घनकचरा नियमांत स्पष्ट होतं की डायपर, पॅड नीट गुंडाळून द्यायचे, कंपनीने दिलेल्या पाकिटात नाहीतर स्थानिक संस्था सांगेल तशा वेष्टनात. जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल पेनाने फुली मारा, वेगळं हातात द्या. एवढं केलंत तरी आमचं निम्मं काम हलकं होतं. जाळू नका, पुरू नका, कुत्री उकरून अख्ख्या वाड्यावर पसरतात. पावसात ओहोळात टाकलेले डायपर तर मी स्वतः बंधाऱ्याच्या फळ्यांत अडकलेले काढलेत, फुगून उशीएवढे झालेले.
तेव्हा अबोलीताई, रात्रीसाठी डिस्पोजेबल नेणार असाल तर जरूर न्या, आम्हाला कोणाला नावं ठेवायची नाहीत. फक्त वापरलेले कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि येताना मडगावला परत आणा, तिथे रोज गाडी येते.

म्हापशेकरीण
सुका_ओला, हे वाचून गप्प बसले. परत आणायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण बायोडिग्रेडेबल लिहिलेले डायपर मिळतात त्यांचं काय?

सुका_ओला
त्यावर मोठ्या पानाचं चित्र असतं :) सांगायचं तर बऱ्याच पाकिटांवर मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वरचा थर बांबूचा, आतला शोषणारा भाग तोच. आणि कुजायला हवा, ओल, ऊब लागते, कचऱ्याच्या ढिगात दाबलं गेल्यावर ते कुठून मिळणार. कंपोस्टेबल म्हणून सर्टिफाइड पिशव्यासुद्धा मोठ्या कंपोस्ट प्रकल्पासाठी तपासलेल्या असतात, घरच्या खड्ड्यात टाकून महिन्याभरात माती होईल अशी आशा धरू नका.

जुनी_जाणती
मुलींनो, मी तीन नातवंडं वाढवलीयत, चौथ्याची तयारी चालू आहे. तुमचं ते पीयूएल बियूएल मला कळत नाही पण बॅगेत काय घालायचं ते सांगते.
जुनं सुती लुगडं असेल तर काढा. अंगावर वापरून वापरून जे मऊ झालंय त्याच्यासारखं विकतचं कापड मिळत नाही. एका लुगड्यात दुपटी, लंगोटं, लाळेरी सगळं निघतं. दुपटं चार हाती करा, खाली घालायला, पांघरायला, उन्हात डोक्यावर धरायला, पाजताना आडोसा करायला तेच. कुंची एक, टोपडं एक, पावसाची गार हवा असते. झबली समोरून बांधायची घ्या, डोक्यातून घालायची नकोत, शी वर पाठीपर्यंत आली की डोक्यातून काढताना केसांना लागते, विचारू नका.
आणि एक गोष्ट कोणी बोललं नाही. मान धरायला लागलं की बाळाला पायावर बसवायची सवय करा. पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब करायचे, पावलं थोडी फाकवून त्यावर बाळाला बसवायचं, पाठ आपल्या नडग्यांना टेकलेली, हाताने काखेत धरायचं आणि शूऽऽ करायचं. झोपेतून उठल्याबरोबर आणि पाजल्यानंतर थोड्या वेळाने. सगळ्या वेळा साधणार नाहीत पण सकाळची शी साधली तरी दिवसाचं सगळ्यात घाण लंगोट वाचलं. पाच महिन्यांत पाठ नीट धरत नसेल तर जास्त वेळ बसवू नका, जोर तर अजिबात करू नका.
वाळवायचं म्हणाल तर आमच्याकडे न्हाणीत भाणाखाली (पाणी तापवायच्या मोठ्या हंड्याखाली) चूल पेटलेली असायची, तिथली भिंत ऊबदार, त्याच्यासमोर दोरी बांधायची. धुरात नाही हं, बाजूला, नाहीतर बाळाला धुराचा वास येतो.

बिंबल
आजी, पायावर बसवायचं म्हणाल तर त्याला आता इंग्रजी नाव देऊन कोर्स विकतात, माहीत आहे का :))

जुनी_जाणती
विकू देत. आम्ही फुकट शिकलो म्हणून किंमत कळली नाही.

अबोली_मडगाव
आजी, देव बरें करूं. गावच्या न्हाणीत भाण अजून आहे, सासूबाई चवथीला पेटवतातच, म्हणजे वाळवायचा प्रश्न बराचसा सुटला. आता पुढचा प्रश्न, वाइप्स. मला खरं सांगायचं तर ओले वाइप्स सोडवत नाहीत. पाण्याचे, 99 टक्के पाणी वगैरे असलेले वापरते, ते तरी चालतील ना?

नर्सबाय
बाळाच्या त्वचेला तसे बरे असतात, पण कचऱ्याच्या बाजूने बघितलं तर 99 टक्के पाणी हे वाइप्समधल्या द्रवाबद्दल लिहिलेलं असतं, कापड बऱ्याचदा पॉलिएस्टर मिसळलेलं. म्हणजे प्लास्टिकच पुसून टाकतो आपण.
फ्लॅनेलचे किंवा आजी म्हणतात त्या लुगड्याचे हाताच्या पंज्याएवढे तुकडे कापा, कडेला ओव्हरलॉक करून घ्या, कोणताही टेलर दोन मिनिटांत करून देतो. कोरडेच न्या. आधी ओले करून डब्यात भरून ठेवायची रीत व्हिडिओत दाखवतात ती पावसाळ्यात नको, दुसऱ्या दिवशी आंबूस वास मारतात. बाटलीत उकळून गार केलेलं साधं पाणी, त्या-त्या वेळी शिंपडायचं. शी जास्त असेल तर आधी खोबरेल तेलाचं बोट फिरवलेला तुकडा, मग पाण्याचा. मुलीला पुसताना पुढून मागे, हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, गावी दहा हात बाळाला उचलतात.
लालसर झालं तर झिंक ऑक्साइडचं क्रीम लावा पण कापडी लंगोटाच्या आत पातळ कापडाचा एक पदर घाला, क्रीम कापडात बसलं की शोषत नाही. पावडर नका नेऊ, बाळाच्या श्वासात जाते, उपयोग काही नाही.
डासांबद्दल मुद्दाम लिहिते कारण 'नॅचरल' म्हणून लोक काहीही लावतात. कापूर बाळाजवळ नको, पोटात गेला तर झटके येऊ शकतात, त्यामुळे कापराच्या पुड्या उशाशी बांधणं, तेलात घालून चोळणं बंद. लेमन युकॅलिप्टसचं तेल असलेली औषधं तीन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत. पाच महिन्यांच्या बाळाला सगळ्यात चांगली मच्छरदाणी, छत्रीसारखी दुमडणारी मिळते, नाहीतर साधी घरची. त्याच्याइतकं इको-फ्रेंडली दुसरं काही नाही, वर्षानुवर्षं टिकते. सत्तरीत रानाच्या कडेला घर असेल तर ही बॅगेत आधी टाका.
आणि कानात घालायच्या काड्या कोणी सांगेल त्या घेऊ नका. प्लास्टिक काडीच्या तर 1 जुलै 2022 पासून बंदच आहेत, पण लाकडी काडीसुद्धा बाळाच्या कानात घालायची नसते.

जुनी_जाणती
तीट लावायचं की नाही मग?

नर्सबाय
आजी, तीट लावा हो, गालाला किंवा तळपायाला लावा, डोळ्यात बाजारचं काजळ घालू नका एवढंच. काही काजळात शिसं निघतं.

साखळीची_सई
माझा प्रश्न थोडा वेगळा, धागा हायजॅक करत नाहीये पण माझं बाळ पावडरच्या दुधावर आहे आणि आम्हालाही गावी जायचंय. प्लास्टिकची बाटली टाळून काय न्यायचं?

नर्सबाय
सई, दुधात पर्यावरणाआधी स्वच्छता. थर्मासमध्ये उकळतं पाणी न्यायचं, पावडर वेगळी कोरड्या स्टीलच्या डबीत मोजून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे पाणी 70 अंशांच्या खाली नसावं, कारण पावडर निर्जंतुक नसते, मग बाळाला चालेल इतकं गार करायचं. बनवलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर ओतून टाका, जीव नका अडकवू. बाटली ऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडलं (बाळाला पाजायचं चोचीचं छोटं भांडं) चालतं, आणि चांगलंच चालतं. बोंडल्याला खाचाखोचा नसतात, उकळत्या पाण्यात टाकलं की झालं. बाटलीला बूच, रबर, कड, ब्रश, सगळं न्यावं लागतं. पण बोंडल्याने पाजताना बाळाला उठवून धरायचं आणि कडेने थोडं थोडं, घशात ओतायचं नाही.

केपेकर
आमच्याकडे आजोळचं चांदीचं बोंडलं आहे, कपाटात पुजलेलं. हे वाचून काढलं बाहेर.

रानमेवा
खेळण्याचं कोणी बोललं नाही. सावंतवाडी जवळ पडते, चितारआळीत लाकडी खेळणी मिळतात, प्लास्टिकचा खुळखुळा घेण्यापेक्षा ते घ्या.

बिंबल
लाकडी छान, पण पाच महिन्यांचं बाळ सगळं तोंडात घालतं, म्हणून रंगवलेली फळं-भाज्या आता नको, ती मोठी झाल्यावर भातुकलीला. आता बिनरंगाचं, गुळगुळीत घासलेलं, तोंडात पूर्ण जाणार नाही एवढं मोठं घे. कारखान्यातलं खेळणं असेल तर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघ. खरं म्हणजे गावी गेल्यावर खेळणं लागणारच नाही. फुगडी घालणाऱ्या बायका, टाळ, माटोळीला लटकलेली फळं, बाळ बघतच बसेल. बॅगेत जागा आहे तिथे एक जादा दुपटं घाल.

अबोली_मडगाव
हे बरोबर. तर काल रात्री बसून यादीतून कापलं. चेंजिंग मॅट, बांबूचा ब्रश, वाइप्स वॉर्मर (हो, तेही होतं यादीत), ऑरगॅनिक स्प्रे, सगळं गेलं. विकत फक्त वेट बॅग आणि दोन कव्हरं. आईकडून जुनं सुती नऊवारी आणलं, कापायचं म्हटल्यावर आईचा चेहरा पडला, पण नातीसाठी म्हटल्यावर कात्री तिनेच घेतली. रात्रीचे डिस्पोजेबल मोजून नेणार आणि झाकणाच्या जुन्या तेलाच्या डब्यातून परत आणणार, नवऱ्याला आत्तापासून सांगितलंय की तो डबा डिकीत त्याच्या बॅगेशेजारी राहील.
एकच राहिलं, धुवायला काय नेऊ? सासूबाई म्हणतात रिठे आहेत घरात, त्यानेच धुऊ.

बिंबल
रिठा लोकरीला, रेशमाला उत्तम, लंगोटाला पुरा पडत नाही. फेस येतो पण मुताचा अंश कापडात राहून जातो आणि चार दिवसांनी अमोनियाचा वास मारायला लागतं. साधी कपड्याची पावडर ने, डब्यात घालून, भरपूर न घालता कापडाच्या हिशोबात घाल आणि नीट खळबळ. क्रम असा ठेव, शू-शीचं लगेच गार पाण्यात विसळायचं, साठवायचं, सकाळी एकदाच भाणातलं कडक पाणी आणि पावडर, मग दोन पाण्यांतून काढायचं. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पाण्यात विरघळते, खरवडत बसावं लागत नाही, वरचं खाणं सुरू झालं की ते सुख संपेल. ऊन आलं तर एक तास का होईना बाहेर टाक, पिवळे डाग उन्हातच जातात. कव्हरं मात्र सावलीत, कडक उन्हाने इलॅस्टिक सैल पडतं.

सुका_ओला
विसळलेलं पाणी विहिरीच्या कठड्यावर नाही ओतायचं हं. विहिरीपासून लांब, शोषखड्ड्यात नाहीतर संडासात.

साखळीची_सई
आणि ते फ्लशेबल लायनर, म्हणजे शी धरायला लंगोटाच्या आत घालायचे पातळ कागदासारखे पदर मिळतात, ते संडासात टाकले तर चालतात ना? पाकिटावर तसंच लिहिलंय.

सुका_ओला
पाकिट लिहिणारा तुमची सेप्टिक टाकी उपसायला येणार नाहीय. गावच्या टाकीत ते विरघळत नाहीत, पाइपच्या वळणावर अडकतात, आणि चवथीला पंचवीस माणसं घरात असताना संडास तुंबला तर टँकरवाला मिळायला पुढचा सोमवार उजाडतो. शी संडासात झटकायची, लायनर कागदात गुंडाळून डब्यात.